शेळी-मेंढीचे शवविच्छेदन : लहान आतडे कोणत्या क्रमाने तपासावे

शवविच्छेदनाच्या अहवालात ‘आंत्रदाह’ हा शब्द फार सहज लिहिला जातो, आणि प्रयोगशाळेत पाठवलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की तिथे सडलेल्या अस्तराखेरीज काही उरलेले नसते. लहान आतडे हा मृत्यूनंतर सर्वांत आधी बिघडणाऱ्या अवयवांपैकी एक आहे. त्याच्या आतील अस्तरावरचे रसांकुर, म्हणजे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे, पचनरस आणि जंतू यांच्या सतत सान्निध्यात असतात. त्यांवरच्या पेशी जिवंतपणी दोन-चार दिवसांत झडून नव्या येत राहतात. रक्तपुरवठा थांबला की ही भरपाई थांबते आणि काही मिनिटांतच रसांकुरांची टोके सुटू लागतात. तरीही बहुतेक ठिकाणी हृदय, फुप्फुसे, यकृत सावकाश पाहून झाल्यावर, सर्वांत शेवटी आणि घाईघाईने, आतड्याकडे वळण्याची पद्धत आहे.

त्यामागचे कारण चुकीचे नाही. आतडे आधी फोडले तर त्यातली घाण बाकीच्या अवयवांवर सांडते आणि जंतुपरीक्षेचे नमुने वाया जातात. मात्र यातून मार्ग निघतो. आतड्याचे नमुने सर्वांत आधी घ्यायचे आणि उरलेले आतडे सर्वांत शेवटी उघडायचे. पुढील सगळे टप्पे या एका नियमाभोवती रचले आहेत. ते शेळी-मेंढी डोळ्यांसमोर ठेवून लिहिले असून नोंदणीकृत पशुवैद्यक आणि त्यांच्या हाताखाली काम शिकणारे विद्यार्थी यांच्यासाठी आहेत.

टप्पा 1 : शव उघडायचे की नाही, हे आधी ठरवा

जनावर अचानक दगावले आहे, नाक, तोंड किंवा गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त येत आहे, पोट झपाट्याने फुगले आहे आणि शव नीट ताठरलेले नाही, अशी चिन्हे दिसली तर सुरी बाजूला ठेवा. ही फाशी रोगाची (अँथ्रॅक्सची) चिन्हे असू शकतात. शव उघडले की जंतूंना हवा मिळते, त्यांचे बीजाणू तयार होतात आणि ते त्या जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. अशा वेळी कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब घेऊन काचपट्टीवर पातळ लेप करावा, तो पॉलिक्रोम मिथिलीन ब्लूने रंगवून पाहावा आणि फाशी नाही याची खात्री झाल्यावरच पुढे जावे. फाशी आणि पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य साथीचा रोग) हे दोन्ही रोग 2009 च्या जनावरांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्याच्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे संशय आला तरी कळवणे बंधनकारक आहे.

*इशारा :* आंत्रविषारातही (आतड्यातील जंतूंच्या विषाने होणाऱ्या रोगातही) जनावर अचानक मरते आणि पोट फुगते. ‘हा आंत्रविषारच असणार’ असे मनाशी ठरवून लेप टाळू नका.

टप्पा 2 : साहित्य शवाजवळ नेण्याआधी तयार ठेवा

फॉर्मॅलिन आयत्या वेळी शोधावे लागले की आतड्याचा नमुना हातचा गेलाच म्हणून समजा. एक लिटर द्रावणासाठी बाजारात मिळणारे 37 ते 40 टक्क्यांचे फॉर्मॅलिन 100 मिली आणि पाणी 900 मिली घ्या. त्यात सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट 4 ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट 6.5 ग्रॅम विरघळवा. तुकड्यांच्या किमान दहापट द्रावण बरणीत असले पाहिजे. तोंड अरुंद असलेली बाटली घेऊ नका, कारण ताजा तुकडा आत ढकलता येतो, पण कडक झालेला बाहेर निघत नाही.

याशिवाय जाड सुती दोरा, बोथट टोकाची कात्री, हातमोजे, मुखपट्टी, बर्फाची पेटी, निर्जंतुक बाटल्या, सिरिंज, लघवीतील साखर दाखवणाऱ्या पट्ट्या, क्लोरोफॉर्म, काचपट्ट्या, दोन बादल्या आणि एक काळा ट्रे घ्या. चिठ्ठ्यांसाठी जाड कागद आणि शिसपेन्सिल असावी. बॉलपेनची शाई फॉर्मॅलिनमध्ये निघून जाते, शिसपेन्सिलीचे अक्षर टिकते.

*तपासणी :* मृत्यूची वेळ, शव कुठे पडले होते (उन्हात की सावलीत), शेवटचा चारा आणि खुराक कोणता, लसीकरण कधी झाले आणि कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक काय, हे सगळे पहिला छेद घेण्याआधी कागदावर उतरले आहे ना?

टप्पा 3 : शव डाव्या कुशीवर ठेवा आणि उजवीकडून उघडा

रवंथ करणाऱ्या जनावरात पोटाची जवळजवळ सगळी डावी बाजू कोठीपोटाने (चार पोटांपैकी पहिल्या, सर्वांत मोठ्या पोटाने) व्यापलेली असते आणि आतडी उजवीकडे सरकलेली असतात. शव उजव्या कुशीवर ठेवून उघडले तर सुरी थेट कोठीपोटात जाते, आंबलेला चारा पोटभर पसरतो आणि पुढचे काहीच स्वच्छ राहत नाही. शव डाव्या कुशीवर घ्या, उजवे पुढचे आणि मागचे पाय सांध्यापाशी सैल करून मागे टाका, शेवटच्या बरगडीच्या काठाने आणि मग पोटाच्या मध्यरेषेने भिंत कापून ती पदरासारखी उलटवा. पोटात वायूचा ताण असतो, म्हणून पहिला छेद लहान ठेवा आणि पुढे दोन बोटांच्या आधाराने सुरी चालवा.

भिंत उलटताच आतडी दिसत नाहीत, दिसते ती चरबीची जाळी. आतड्यांचा बहुतेक सगळा पुंजका या जाळीच्या मागे उघडणाऱ्या खिशात बसलेला असतो. जाळी ओरबाडून काढू नका. तिची मागची कड धरून ती पुढे आणि वर उचलली की सर्व वेटोळी जागच्या जागी दिसतात.

टप्पा 4 : हात लावण्याआधी पाहा

हा टप्पा दोन मिनिटांचा आहे आणि तो परत करता येत नाही. मध्यभागी मोठ्या आतड्याची चकलीसारखी सपाट वेटोळी आणि त्यांच्या कडेने जेजुनमची (लहान आतड्याच्या मधल्या, सर्वांत लांब भागाची) झालर, अशी मांडणी दिसली पाहिजे. आंत्रपटलाच्या (आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्याच्या) मुळाशी पीळ आहे का, एखादा भाग दुसऱ्या भागात शिरला आहे का, बाहेरून कोणत्या भागाचा रंग बदलला आहे आणि तो बदल नेमका कुठे सुरू होऊन कुठे थांबतो, हे टिपा आणि छायाचित्र घ्या. आतडी बाहेर ओढल्यानंतर सापडलेला पीळ मूळचा होता की ओढताना पडला, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

आतड्यात आतडे शिरलेले दिसले तर हलक्या हाताने ओढून पाहा. मरतानाच्या आचक्यांत झालेला शिरकाव सहज सुटतो आणि तिथे सूज किंवा रक्त साकळल्याची खूण नसते. जिवंतपणी झालेला शिरकाव चिकटलेला, सुजलेला आणि गडद लाल ते काळपट असतो.

टप्पा 5 : दोन टोके शोधा आणि बांधा

मोठ्या मेंढीचे लहान आतडे साधारण 25 मीटर लांब असते. इतक्या लांबीत आपण कुठे आहोत हे कळण्यासाठी दोन खुणा पक्क्या हव्यात.

वरची खूण म्हणजे चौथ्या पोटाचे तोंड. चौथ्या पोटावरून बोटे पुढे सरकवत नेली की एक जाड, घट्ट कडे लागते. तिथून ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, सुरू होते, यकृताकडे वर जाते, तिथे इंग्रजी एस अक्षरासारखे वळण घेते आणि उजव्या बाजूने मागे श्रोणीच्या दिशेने जाते. या भागाला लागून स्वादुपिंड असते. शेळी-मेंढीत स्वादुपिंडाची नळी पित्तनलिकेला मिळते आणि दोन्ही रस एकाच छिद्रातून, चौथ्या पोटापासून साधारण 30 सेंमीवर, ड्युओडेनममध्ये उतरतात.

खालची खूण म्हणजे सीकम, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची एका टोकाला बंद असलेली पिशवी. त्याचे बंद टोक मागे, श्रोणीकडे असते. ते टोक उचला, म्हणजे सीकमपासून निघून लहान आतड्याला जोडणारी एक पातळ घडी ताणली जाते. ही घडी जिथपर्यंत पोहोचते तिथपर्यंतचा लहान आतड्याचा शेवटचा भाग म्हणजे इलियम. इलियम ओळखण्यातच सर्वाधिक चुका होतात. ‘इलियम’ अशी चिठ्ठी लावून आलेला तुकडा पुष्कळदा जेजुनमचा निघतो आणि जोन्स रोगाची (आतड्याची भिंत जाड करून जनावर खंगवणाऱ्या जुनाट जंतुजन्य रोगाची) तपासणी तिथेच फसते.

दोन्ही टोकांना दोन-दोन दोरे बांधा, मध्ये दोन बोटांचे अंतर ठेवा. बांधल्याने द्रव पुढे-मागे सरकत नाही आणि चौथ्या पोटातले जंत लहान आतड्यात मिसळत नाहीत. नुसते चिमट्याने दाबणे पुरत नाही.

टप्पा 6 : नमुने आत्ताच घ्या

छाती उघडण्याआधी, यकृताला हात लावण्याआधी, हे काम पूर्ण करा.

पहिला मान फॉर्मॅलिनच्या तुकड्यांचा. ड्युओडेनम, जेजुनमची सुरुवात, मध्य आणि शेवट, इलियमचा शेवटचा भाग आणि इलियम सीकमला मिळते तो सांधा, असे सहा तुकडे प्रत्येकी 2 ते 3 सेंमी लांबीचे कापा. कात्रीने उभे चिरून ते जाड कागदावर अस्तर वर ठेवून अलगद पसरवा, अर्धे मिनिट चिकटू द्या आणि कागदासह फॉर्मॅलिनमध्ये सोडा. न चिरता टाकलेल्या नळीच्या आत द्रावण पोहोचत नाही. बाहेरून तुकडा कडक होतो आणि आतले अस्तर द्रावणातही सडत राहते. जागा ओळखता यावी म्हणून मी प्रत्येक तुकड्याला दोरा बांधून गाठी मारतो, ड्युओडेनमला एक, जेजुनमच्या सुरुवातीला दोन, याप्रमाणे. चिठ्ठी फाटली तरी गाठ बोलते.

*इशारा :* अस्तर नळाच्या पाण्याने धुऊ नका, बोटाने पुसू नका, सुरीच्या पाठीने खरवडू नका. साध्या पाण्याने पेशी फुगून फुटतात. फारच घाण असेल तर सलाइनने किंवा फॉर्मॅलिननेच हलके विसळा.

दुसरा नमुना बांधलेल्या तुकड्यांचा. जेजुनम आणि इलियमचा प्रत्येकी 10 सेंमी भाग दोन्हीकडून घट्ट बांधून, बांधणीच्या बाहेरून कापून, वेगळ्या पिशवीत बर्फावर ठेवा. आंत्रविषाराचा संशय असेल तर इलियममधील 20 ते 30 मिली द्रव बाटलीत घ्या. तो प्रयोगशाळेत पोहोचायला वेळ लागणार असेल तर दर 10 मिलीला क्लोरोफॉर्मचा एक थेंब घाला, म्हणजे जंतूंची वाढ थांबते आणि विष टिकते. ही बाटली जंतुवाढीच्या तपासणीसाठी निरुपयोगी ठरते, म्हणून तसे चिठ्ठीवर लिहा.

तिसरा नमुना आंत्रपटलातील लसिका ग्रंथींचा. एक भाग फॉर्मॅलिनमध्ये, एक बर्फावर. पीपीआरच्या पीसीआर तपासणीला फॉर्मॅलिनमधला तुकडा चालत नाही. त्यासाठी या ग्रंथीबरोबर प्लीहा आणि फुप्फुसाचा तुकडाही बर्फावर लागतो.

शेवटी मूत्राशयातून सिरिंजने लघवी ओढून पट्टीवर साखर तपासा. शक्य झाल्यास अस्तराचा ओला लेप काचपट्टीवर घेऊन ठेवा.

*तपासणी :* सहा तुकडे, दोन बांधलेली वेटोळी, द्रव, ग्रंथी, लघवी. मोजून झाल्यावरच बाकीचे शव उघडा.

टप्पा 7 : बाकीचे अवयव संपल्यावर आतडे सोडवा आणि मांडा

आंत्रपटल आतड्याच्या अगदी काठालगत कात्रीने कापत जा. ओढून फाडू नका. तसे केल्याने अस्तराखाली रक्तस्राव झाल्यासारखे डाग दिसतात. सोडवलेले आतडे जमिनीवर किंवा टेबलावर नागमोडी घड्या घालून मांडा. वरचे टोक नेहमी आपल्या डाव्या हाताला ठेवण्याची सवय लावली, तर अहवाल लिहिताना गोंधळ होत नाही.

टप्पा 8 : आंत्रपटल जिथे जोडलेले होते, त्या काठाने चिरा

आतड्याच्या भिंतीतील लसिकापेशींचे पायरचे पट्टे आंत्रपटलाच्या समोरच्या बाजूला असतात. कात्री त्या बाजूने चालवली की पट्टा मधोमध कापला जातो आणि वाचता येत नाही. म्हणून बोथट टोक आत घालून आंत्रपटलाच्या काठानेच चिरत जा.

पायरचा पट्टा म्हणजे व्रण नव्हे. निरोगी पट्टा अस्तरापेक्षा किंचित उंच, लांबट आणि बारीक खळ्यांनी भरलेला दिसतो. कोकरे आणि करडे यांच्या इलियममध्ये तर एकच सलग पट्टा एक-दोन मीटरपर्यंत पसरलेला असतो. वय वाढेल तसा तो ओसरतो, जेजुनममधले सुटे पट्टे मात्र आयुष्यभर राहतात. तीन महिन्यांच्या कोकराच्या इलियमची भिंत जाड लागली म्हणून ‘जोन्स रोग’ लिहिणे ही म्हणूनच चूक आहे. पट्ट्याच्या जागी खोल, काळपट, कुजकट खळगे दिसले तर मात्र पीपीआरचा विचार करा आणि ताबडतोब तोंडातील व्रण आणि फुप्फुसे पुन्हा पाहा. मोठ्या आतड्यातील लाल आडव्या रेघा पीपीआरमध्ये दिसतात, पण हगवणीत कुंथून कुंथूनही तशा रेघा येतात, म्हणून केवळ त्यांवर निदान ठरवू नये.

टप्पा 9 : मृत्यूनंतरचे बदल आधी वेगळे करा

या टप्प्यावर मी जास्त थांबणार आहे, कारण माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक इथलीच आहे. नोकरीच्या सुरुवातीला, मे महिन्यातल्या एका दुपारी, पहाटे मेलेली मेंढी मी तब्बल दहा तासांनी पत्र्याच्या छपराखाली उघडली. ड्युओडेनमचा वीतभर भाग हिरवट-पिवळा, खालची वेटोळी गडद लाल आणि अस्तर बोट लावताच सुटणारे. मी तीव्र आंत्रदाह लिहिला आणि सगळ्या कळपाला प्रतिजैविक सुरू केले. पुढच्या चार दिवसांत आणखी पाच मेंढ्या गेल्या. त्यांतली एक मरताच उघडायला मिळाली, तेव्हा लघवीत साखर सापडली आणि इलियमच्या द्रवात विष, म्हणजे तो आंत्रविषार होता. त्या कळपाला आदल्या आठवड्यात कापणी झालेल्या शेतातले भरपूर धान्य खायला मिळाले होते. ते मी पहिल्या दिवशी विचारलेही नव्हते.

हिरवट-पिवळा डाग पित्ताशयाला टेकलेल्या भागावर, स्पष्ट सीमेचा असतो. मृत्यूनंतर पित्त भिंतीतून झिरपल्याची ती खूण आहे. लाली फक्त खालच्या बाजूला, म्हणजे मेल्यावर शव ज्या कुशीवर पडून होते तिकडच्या वेटोळ्यांत असेल, तर ते गुरुत्वाने उतरलेले रक्त आहे. खरा दाह वर-खाली पाहत नाही. तो आतड्याच्या ठरावीक भागात, पूर्ण घेरात असतो, त्याबरोबर तिथल्या लसिका ग्रंथी सुजलेल्या असतात आणि आतल्या द्रवात रक्त, पू किंवा साबुदाण्याच्या पेजेसारखा चिकट थर मिळतो. सगळीकडे सारखे सुटणारे अस्तर सडल्याचे लक्षण. तुकड्या-तुकड्याने सुटणारे, खाली लाल तळ दाखवणारे अस्तर रोगाचे.

*तपासणी :* प्रत्येक बदलासमोर लिहा : कोणत्या भागात, किती लांबीत, पूर्ण घेरात की एका बाजूला, आणि जवळची लसिका ग्रंथी कशी. ही चार उत्तरे नसतील तर ‘दाह’ लिहू नका.

टप्पा 10 : भागाप्रमाणे शोधा

*ड्युओडेनम.* पावसाळ्यानंतर तळ्याकाठी चरणाऱ्या कळपात दुर्गंधीयुक्त हगवण आणि जबड्याखाली सूज असेल, तर चौथ्या पोटालगतचे अस्तर उजेडात धरून पाहा. अस्तरात रुतलेले गुलाबी, तांदळाच्या कणीएवढे ठिपके ही पोटातील पर्णकृमींची पिल्ले असतात. विष्ठा तपासणीत त्यांची अंडी मिळत नाहीत, कारण ती अजून वयात आलेली नसतात.

*जेजुनम.* फितीसारखा लांब मोनिझिया हा पट्टकृमी लगेच नजरेत भरतो आणि मृत्यूचे खापर त्याच्यावर फुटते. केसासारखे बारीक ट्रायकोस्ट्राँगायलस जंत, जे खरे नुकसान करतात, ते मात्र नजरेतून सुटतात. म्हणून सर्व द्रव आणि विसळलेले पाणी बादलीत घेऊन 2 लिटर करा, जोराने ढवळत ढवळतच 200 मिली काढा, थोडे थोडे काळ्या ट्रेवर ओतून जंत मोजा आणि दहाने गुणा. ढवळणे थांबवून नमुना काढला तर जंत तळाशी राहतात आणि आकडा खोटा येतो. बारीक रक्तठिपके आणि पांढुरके अस्तर दिसले तर आकडीजंत शोधा. वाटाण्याएवढ्या घट्ट गाठी, आत चुन्यासारखा कचका, या बहुधा जुन्या गाठीच्या जंतांच्या खुणा असतात.

करडांत पांढरे-पिवळसर, टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके बाहेरूनही दिसले तर कॉक्सिडिया (आतड्यातील एकपेशीय परजीवी). त्या ठिपक्याचा ओला लेप लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. केवळ विष्ठेतील अंड्यांच्या संख्येवर विसंबू नका. निरोगी करडेही ती भरपूर टाकतात आणि उलटपक्षी अंडी दिसण्याआधीच हगवणीने करडू मरू शकते.

*इलियम.* मोठ्या, खंगत गेलेल्या शेळीत इलियमची भिंत दोन बोटांत धरून ताणा. निरोगी घड्या ताणल्यावर सपाट होतात, जोन्स रोगातल्या होत नाहीत. शेळी-मेंढीत मात्र हा जाडपणा गाईएवढा ठसठशीत नसतो, त्यामुळे बाहेरच्या पृष्ठावर पांढऱ्या दोऱ्यांसारख्या लसिकावाहिन्या आणि सीकमजवळची मोठी झालेली ग्रंथी शोधा, आणि संशय असो वा नसो, सांध्याचा लेप झील-नील्सनने (जोन्स रोगाचे जंतू दाखवणाऱ्या रंगाने) रंगवा.

आंत्रविषारात मेंढीचे आतडे जवळजवळ निरोगी दिसू शकते; शेळीत लहान-मोठ्या दोन्ही आतड्यांत रक्ताळ दाह सापडण्याची शक्यता अधिक. अचानक मिळालेला पिष्टमय खुराक कोठीपोटात पूर्ण न पचता लहान आतड्यात उतरतो, तिथे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्सच्या डी प्रकाराची बेसुमार वाढ होते आणि त्याच्या निष्क्रिय विषाला स्वादुपिंडातले ट्रिप्सिन हे पाचक विकरच जागे करते. म्हणून नजरेला काही न दिसणे हा आंत्रविषाराविरुद्ध पुरावा नाही. मऊ पडलेल्या मूत्रपिंडावरही, शव तीन-चार तासांपेक्षा जुने असल्यास, भिस्त ठेवू नका. इलियममधील विष, लघवीतील साखर, हृदयावरणातील गोठणारा द्रव आणि फॉर्मॅलिनमधला मेंदू, असे एकत्र पुरावे लागतात.

टप्पा 11 : पाठवणी आणि विल्हेवाट

बर्फावरचे नमुने आणि फॉर्मॅलिनच्या बरण्या एकाच पेटीत ठेवू नका. फॉर्मॅलिनची वाफही जंतुवाढीचे नमुने बिघडवते. फॉर्मॅलिनमधले तुकडे कधीही गोठवू नयेत. पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे किंवा जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे नमुने पाठवताना टप्पा 2 मधील नोंदी, गाठींचा अर्थ आणि आपला संशय, तिन्ही पत्रात लिहा. ‘कृपया तपासणी व्हावी’ एवढ्याच ओळीवर तिथल्या माणसाला कोणती चाचणी लावावी हे कळत नाही.

शव, आतड्यातील सर्व द्रव, बादलीतले पाणी आणि वरची भिजलेली माती किमान दोन मीटर खोल खड्ड्यात चुन्यासह पुरा, विहीर आणि ओढ्यापासून दूर. आतडे कुत्र्यांपुढे टाकण्याची प्रथा अजून सर्रास दिसते. ती थांबवण्याची जबाबदारी शव उघडणाऱ्याचीच आहे. कात्री-सुरी धुऊन, जंतुनाशकात बुडवून झाली की हातमोजे शेवटी काढा, आणि जागा सोडण्याआधी प्रत्येक चिठ्ठीवरचा बिल्ला क्रमांक मालकासमोर एकदा मोठ्याने वाचून पडताळा.